लेथवरचे टेकू: जॉब कुठे वाकतो आणि त्याला सावरायचं कसं

लेथ म्हणजे जॉब (कापायचा तुकडा) फिरवून कापणारं यंत्र, आणि चक म्हणजे जॉब धरणारा त्याचा फिरता भाग. चकमध्ये एक सळई धरली, बरीचशी बाहेर ठेवली आणि मोकळ्या टोकापासून चकपर्यंत एकच कट घेतला. मायक्रोमीटर लावला, तर चकजवळ माप बरोबर आणि मोकळ्या टोकाला सळई जाड. टूल तेच, कटाची खोली तीच, फीडही (टूल पुढे सरकण्याचा वेग) तेवढाच. अशा वेळी दोष टूलच्या धारेला दिला जातो, नाहीतर लेथच्या वयाला. कारण खरं तर सरळ आहे. टूलने दाब दिला तेव्हा मोकळं टोक मागे सरलं, आणि जेवढं सरलं तेवढं कापायचं राहून गेलं.

लेथवर शिकणाऱ्याचं लक्ष सहसा कापणाऱ्या भागांकडे असतं. टूलचे कोन, स्पीड, फीड. त्या मानाने सेंटर, स्टेडी, जॅक, पॅकिंग (खाली घालायच्या पट्ट्या), बेडखालचे (लेथच्या लांब पायाखालचे) स्क्रू यांच्याबद्दल फार कमी सांगितलं जातं. हे भाग काहीच कापत नाहीत, फक्त टेकू देतात. पण जॉबचं माप शेवटी त्यांच्यावर ठरतं, म्हणून या लेखात त्यांच्याबद्दलच सविस्तर बोलू.

पोलाद किती वाकतं?

२५ मिमी व्यासाची पोलादी सळई चकबाहेर १०० मिमी आहे असं धरू. टोकावर टूल आडवा २०० न्यूटन दाब देतंय, म्हणजे साधारण २० किलो वजनाइतका. हिशोब केला तर ते टोक सुमारे ०.०१७ मिमी मागे जातं. आता तीच सळई २०० मिमी बाहेर काढा. लांबी दुप्पट झाली, पण वाकणं दुप्पट होत नाही, आठपट होतं: जवळजवळ ०.१४ मिमी. जॉब फिरत असल्यामुळे ही कसर सगळीकडून राहते, त्यामुळे व्यासात चूक त्याच्याही दुप्पट, म्हणजे पाव मिलिमीटरहून जास्त.

वाकणं लांबीच्या घनाने वाढतं. जाडीचा नियम याहून कडक आहे. व्यास निम्मा केला तर वाकणं सोळापट होतं. म्हणून बारीक आणि लांब जॉब हा टर्नरला सगळ्यात जास्त छळणारा प्रकार.

इथे एक समजूत दुरुस्त करायला हवी. पुष्कळांना वाटतं की कडक पोलाद घेतलं किंवा हार्डनिंग केलं (तापवून कडक केलं) की सळई कमी वाकेल. तसं होत नाही. मऊ पोलाद असो वा कडक केलेलं, लवचिक मर्यादेत दोन्ही जवळजवळ सारखंच वाकतं, कारण त्यांचा स्थितिस्थापकता गुणांक सुमारे २०० गिगापास्कल, म्हणजे एकच असतो. कडक पोलाद वाकून कायमचं वाकडं व्हायला जास्त जोर लागतो, एवढाच फरक. त्यामुळे ताठपणा हवा असेल तर लांबी कमी करा, जाडी वाढवा किंवा टेकू द्या.

टेकूची ताकद त्याच उदाहरणात पाहू. २०० मिमीची तीच सळई दोन सेंटरमध्ये (टोकांच्या भोकांत बसणाऱ्या टोकदार आधारांमध्ये) धरली आणि तोच दाब बरोबर मध्यावर दिला, तर वाकणं उरतं ०.००९ मिमीच्या आत. दुसऱ्या टोकाला नुसतं एक टोकदार सेंटर लावलं आणि चूक सोळा पटींनी खाली आली. कुठलंही महागडं टूल हे करून दाखवू शकत नाही.

टेलस्टॉक: साधा दिसतो, पण बिघडवायला सोपा

व्यासाच्या तीन-चार पटींहून जास्त लांबी चकबाहेर राहणार असेल, तर टेलस्टॉकमध्ये (चकसमोर बेडवर असणाऱ्या आधारात) सेंटर लावायचं, हा ठोकताळा बहुतेक कामांना पुरतो. सेंटरचं टोक ६० अंशांचं असतं आणि जॉबमधलं भोक सेंटर ड्रिलने त्याच कोनात केलेलं असतं. या भोकाकडे फार दुर्लक्ष होतं. उथळ भोक असेल तर सेंटर फक्त काठावर टेकतं. आत चिप (धातूची कातरण) अडकली असेल तर जॉबचा अक्षच तिरका होतो. आणि ड्रिल तळापर्यंत नीट गेलं नसेल, तर सेंटरचं टोक भोकाच्या तळाला टेकतं आणि शंकूच्या भिंती मोकळ्या राहतात. टेलस्टॉक लावलाय म्हणून आपण निर्धास्त असतो, प्रत्यक्षात आधार नसतोच.

दुसरी गोष्ट उष्णता. पोलाद दर मीटरला, दर अंश सेल्सियसला सुमारे १२ मायक्रॉन वाढतं. ५०० मिमीचा शाफ्ट कापताना ३० अंशांनी तापला तर तो ०.१८ मिमी लांब होतो. चक आणि सेंटर यांच्यामध्ये त्याला वाढायला जागाच नसेल, तर तो मधून बाक घेतो. न फिरणारं डेड सेंटर असेल तर वंगण जळतं, टोक निळं पडतं आणि भोक ओरबाडलं जातं. म्हणून जड कटानंतर टेलस्टॉकचं चाक किंचित सैल करून पुन्हा हलकेच टेकवायचं. फिरणारं लाइव्ह सेंटर घर्षण वाचवतं, पण शाफ्टची वाढ त्यालाही जिरवता येत नाही, ती आपल्यालाच सोडवावी लागते.

तिसरी गोष्ट सरळ रेषेची. टेलस्टॉक दोन भागांचा असतो: खालचा पाया आणि त्यावर आडवा सरकणारा वरचा भाग. दोघांमधले स्क्रू फिरवून मुद्दाम टेपर (एका टोकाकडे बारीक होत जाणारा आकार) काढता येतो, आणि नकळत हलले तर न मागता टेपर मिळतो. टेलस्टॉक ०.०५ मिमी बाजूला असेल तर दोन सेंटरमधल्या जॉबच्या त्या टोकाला व्यासात ०.१ मिमी फरक पडतो.

या सगळ्या चुकांची खूण जॉबवरच उमटते. मोकळ्या टोकाकडे जाडी चढत्या वेगाने वाढत गेली असेल तर जॉब आधाराविना वाकलाय. दोन्ही टोकं बरोबर आणि मध्य जाड असेल तर सेंटर आहेत, पण मधला टेकू हवाय. आणि टेपर अगदी एकसारखा, पट्टी लावल्यासारखा असेल तर टेलस्टॉक सरकलाय किंवा बेडला पीळ आहे. तीन ठिकाणी माप घेतलं की निदान होतं. दोनच ठिकाणी घेतलं तर या तीन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

स्टेडी आणि तिचा प्रवासी भाऊ

दोन सेंटरमधल्या जॉबची लांबी व्यासाच्या दहा-बारा पटींपुढे गेली की मध्येही टेकू लागतो. तिथे येते स्टेडी. बेडवर बोल्टने घट्ट बसणारी कडी, आतून तीन जबडे, साधारण १२० अंशांवर. जबड्यांची टोकं पितळेची किंवा ब्राँझची असतात, नाहीतर रोलरची. वरचा अर्धा भाग बिजागरीवर उघडतो, म्हणजे जॉब वरून ठेवता येतो.

स्टेडी लावणं हे खरं कसबाचं काम, आणि माझ्या मते लेथवरचं सगळ्यात कमी शिकवलं जाणारं. जबडे जॉबला धरण्यासाठी नसतात. जॉब ज्या अक्षावर आधीच फिरतोय, त्या अक्षावर त्याला नुसतं सोबत करण्यासाठी असतात. आधी खालचे दोन जबडे स्पर्श होईपर्यंत आणायचे आणि तिथेच लॉक करायचे. मग कडी मिटून वरचा जबडा टेकवायचा. हे करताना जॉबवर डायल (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं माप) ठेवलेली असावी. जबडा टेकवताना काटा हलला, तर तुम्ही टेकू देत नाही, जॉब ढकलताय.

स्टेडी अक्षाबाहेर बसली तर काय होतं हे पाहण्यासारखं आहे. जॉब प्रत्येक फेरीला चकच्या जबड्यांत थोडा वाकतो आणि परत येतो. असं मिनिटाला शेकडो वेळा झालं की तो चकमधून हळूहळू बाहेर सरकायला लागतो. कुणीही ओढत नसताना सरकतो. त्यामुळे स्टेडीवर काम करताना चकजवळ जॉबवर एक खूण करून ठेवावी आणि ती अधूनमधून बघावी.

टोक मोकळं ठेवून आतून बोअर करायचा (भोक कापून मापाला आणायचं) असेल, तर टेलस्टॉक राहू शकत नाही. मग दोन वाटा असतात. एक, आधी टेलस्टॉकच्या सेंटरवर जॉब धरायचा, स्टेडीचे जबडे टेकवायचे आणि मग टेलस्टॉक काढायचा. दुसरी, व्यास सगळीकडे एकच असेल तर स्टेडी आधी चकच्या अगदी जवळ, जिथे जॉब खरा फिरतोय तिथे जुळवायची आणि मग तशीच सरकवून टोकाला न्यायची. दुसरी वाट झटपट आहे, पण लेथचा बेड सरळ असेल तरच विश्वासाची.

जबडे जिथे टेकणार ती जागा गोल हवी. काळ्या, गरम रोल केलेल्या सळईवर जबडे थेट टेकवले तर तिचा वाकडेपणा तसाच जॉबमध्ये उतरतो. म्हणून हलके कट घेऊन आधी एक अरुंद पट्टा गोल करून घ्यायचा, त्यावर जबडे ठेवायचे आणि तेल देत राहायचं. षटकोनी बार असेल किंवा पृष्ठभागाला ओरखडा चालणार नसेल, तर कॅट हेड वापरतात. हे एक गोल नळकांडं असतं. त्याच्या दोन्ही टोकांना स्क्रू असतात. स्क्रू फिरवून नळकांडं खऱ्या अक्षावर आणायचं आणि स्टेडीचे जबडे त्याच्यावर चालवायचे.

स्टेडी बेडवर एका जागी उभी असते. लांब स्क्रूचे आटे कापायचे असतील तर टूल पुढे सरकतं आणि टेकू मागे राहतो. त्यासाठी ट्रॅव्हलिंग स्टेडी, म्हणजेच फॉलोअर रेस्ट. ती सॅडलवर (टूल घेऊन बेडवरून सरकणाऱ्या भागावर) बसते आणि टूलबरोबर चालते. तिला दोनच जबडे, एक टूलच्या समोरच्या बाजूला आणि एक वर. कारण टूल जॉबला मागे ढकलतं, आणि कापण्याच्या जोरामुळे जॉब टूलवर चढूही पाहतो. तिसरा टेकू एका अर्थाने टूलच असतं. जबडे बहुतेक वेळा टूलच्या किंचित मागे, नुकत्याच कापलेल्या पृष्ठभागावर चालतात, त्यामुळे प्रत्येक नव्या कटाला ते नव्याने जुळवावे लागतात.

इथेही जास्त दाब हाच शत्रू. मागचा जबडा जोरात लावला की जॉब टूलच्या अंगावर जातो आणि व्यास लहान कापला जातो. तो लहान भाग जबड्याखाली आला की जबडा पोकळीत येतो, जॉब परत मागे जातो आणि आता व्यास मोठा कापला जातो. तो मोठा भाग जबड्याखाली आला की पुन्हा ढकलणं सुरू. शाफ्टवर ठरावीक अंतराने, बांबूच्या पेरांसारखी, जाड-बारीक वर्तुळं उमटतात. अशा वेळी स्पीड बदलून काही होत नाही. जबडा सैल करून, नव्याने थोडासा पट्टा कापून, त्यावर तो नुसता टेकवावा लागतो.

वाफेचं इंजिन आणि दोन टोकांचा आधार

आतापर्यंत जॉबचं बोललो. टूललाही तोच नियम लागतो, आणि याचं सर्वांत मोठं उदाहरण अठराव्या शतकातलं आहे. जेम्स वॉट यांना १७६९ मध्ये वाफेच्या इंजिनातल्या स्वतंत्र कंडेन्सरचं पेटंट मिळालं, पण चांगलं इंजिन विकायला १७७६ उजाडलं. मधल्या काळातली एक मोठी अडचण सिलिंडरची होती. मोठा सिलिंडर गोल आणि सरळ बोअर करता येत नव्हता, पिस्टनच्या कडेने वाफ निसटत होती. त्या वेळच्या बोअरिंग यंत्रांत कापणारं डोकं एका लांब दांड्याच्या मोकळ्या टोकावर असे, आणि त्याला आधार मिळे तो त्याच ओबडधोबड भोकातून चालणाऱ्या गाड्याचा. भोक जिथे वाकडं, तिथे डोकंही वाकडं जाई.

जॉन विल्किन्सन यांनी १७७५ च्या सुमारास दांडा सिलिंडरमधून आरपार नेला आणि त्याला दोन्ही टोकांना बेअरिंगवर टेकवलं. कापणारं डोकं या दांड्यावरून पुढे सरकत जाई. आता भोकाचा आकार जुन्या भोकावर अवलंबून राहिला नाही, दांड्याच्या सरळपणावर राहिला. वॉट यांच्या इंजिनांना लागणारे सिलिंडर याच पद्धतीने मिळू लागले. यात कापण्याची नवी धातू नव्हती, नवी धार नव्हती. दुसऱ्या टोकाला एक बेअरिंग वाढलं होतं.

प्रत्येक भोक आरपार नसतं, त्यामुळे आजही बोअरिंग बार बहुतेकदा एका टोकालाच धरावा लागतो. पोलादी बार त्याच्या व्यासाच्या चौपट लांबीपर्यंत बाहेर चालतो, म्हणजे २० मिमीचा बार ८० मिमी. कार्बाइडचा बार साधारण सहापट, कारण कार्बाइड पोलादापेक्षा जवळजवळ तिप्पट ताठ असतं. त्यापुढे आत कंप शोषणारी रचना असलेले बार लागतात. बाहेरून कापणाऱ्या साध्या टूललाही हे लागू आहे. टूल पोस्टबाहेर (टूल धरणाऱ्या भागाबाहेर) टूल गरजेपुरतंच काढावं आणि खालचं पॅकिंग टूल पोस्टच्या काठापर्यंत पूर्ण यावं. आत सरकलेलं पॅकिंग म्हणजे बाहेर काढलेलं टूलच.

आधार ढिला असला की मापाबरोबर आवाजही बिघडतो. जॉब किंवा टूल थरथरलं की पृष्ठभागावर लाट उमटते. पुढच्या फेरीला टूल त्याच लाटेवरून जातं, चिप जाड-पातळ होते, दाब कमी-जास्त होतो आणि थरथर आणखी वाढते. हाच चॅटर. स्पीड बदलला तर तो कधीकधी थांबतो, पण बाहेर किती लांबी आहे हे आधी पाहावं.

इतर यंत्रांवर

आडव्या मिलिंग मशीनवर कटर लांब आर्बरवर (फिरत्या दांड्यावर) बसतो. त्याचं बाहेरचं टोक वरच्या भुजेवरून खाली आलेला आर्बर सपोर्ट धरतो. सपोर्ट कामाला अडथळा न होता कटरच्या जेवढ्या जवळ आणता येईल तेवढा आणावा. शेपरच्या (टूल पुढे-मागे नेऊन कापणाऱ्या यंत्राच्या) टेबलाला पुढून पाय दिलेला असतो, नाहीतर कापताना टेबलच दबतं. बेंच ग्राइंडरवर टेकू आणि चाक यांमधलं अंतर ३ मिमीच्या आसपास ठेवतात. इथे प्रश्न अचूकतेचा कमी आणि बोटांचा जास्त आहे: फट मोठी असेल तर काम चाकाबरोबर आत ओढलं जातं आणि चाक फुटू शकतं.

सेंटरलेस ग्राइंडिंग हा मला यातला सर्वांत सुंदर प्रकार वाटतो. तिथे चक नाही, सेंटर नाही. जॉब दोन चाकांच्या मध्ये एका पट्टीवर नुसता टेकलेला असतो. एक चाक घासतं, दुसरं जॉबला हळू फिरवतं. पट्टीची उंची अशी ठेवतात की जॉबचा मध्य दोन्ही चाकांच्या मध्यरेषेच्या किंचित वर राहावा. तो नेमका रेषेवर ठेवला तर जॉब कुठूनही मोजला तरी व्यास सारखा भरतो, पण आकार गोल नसतो, त्याला उंचवटे राहतात. किंचित वर ठेवला की उंचवटे घासले जाऊन जॉब गोल होतो. म्हणजे इथे आकार टेकूच ठरवतो.

ड्रिलिंग किंवा मिलिंगच्या टेबलावर जॉब क्लॅम्प करताना एक चूक सर्रास दिसते: क्लॅम्प दाबतोय तिथे जॉबखाली पोकळी असते. बोल्ट आवळला की जॉब वाकतो, वाकलेल्या अवस्थेत तो सपाट कापला जातो, आणि बोल्ट सोडला की परत मूळ आकाराला जातो. कापलेली सपाटी गेली. म्हणून क्लॅम्पच्या बरोबर खाली पॅकिंग किंवा छोटा स्क्रू जॅक हवा. तो जॅकही हाताने, स्पर्श होईपर्यंत. पाना लावून चढवलेला जॅक जॉब खालून वाकवतो. ओतीव, ओबडधोबड जॉब तीन ठिकाणी टेकवावा, कारण तीन बिंदूंवर वस्तू डुगडुगत नाही. चौथा टेकू लागलाच तर तो शेवटी आणि हलक्या हाताने.

बेड: टेकूंचा टेकू

हेडस्टॉक (चक फिरवणारा भाग), टेलस्टॉक, स्टेडी, सॅडल हे सगळं बेडवर उभं आहे. लेथचे बेड पूर्वी लाकडी असायचे. १८०० च्या आसपास इंग्लंडमध्ये हेन्री मॉडस्ले यांनी संपूर्ण धातूचा स्क्रू कापणारा लेथ केला. पुढे ओतीव लोखंड रूढ झालं, कारण त्यातल्या ग्राफाइटच्या पापुद्र्यांमुळे कंप लवकर जिरतात.

पण ओतीव लोखंडही वाकतं, आणि जास्त लवकर पिळतं. बेड कितीही भक्कम दिसो, चार पायांपैकी एक अधांतरी राहिला आणि त्याचा बोल्ट जमिनीला आवळला, की बेडला पीळ बसतो. समजा टेलस्टॉककडच्या टोकाला पुढची कड ०.१ मिमी खाली दबली. सॅडल तिथे पोचताना पुढे झुकतो आणि टूल जॉबपासून जवळपास तेवढंच दूर जातं. व्यासात दुप्पट फरक.

यासाठी लेव्हल (बुडबुड्याची पाणसळ) लावतात. मीटरला ०.०२ मिमी दाखवणारी, बेडवर आडवी, आधी हेडस्टॉककडे आणि मग टेलस्टॉककडे. इथे बुडबुडा मधोमध येण्यापेक्षा तो दोन्ही टोकांना एकाच जागी असणं महत्त्वाचं. जहाजांवरही लेथ असतात. तिथे बुडबुड्याला काही अर्थच नाही, पण बेडला पीळ नसेल तर जॉब सरळ निघतो.

लेव्हल झाल्यावर खरी परीक्षा कापून घ्यावी. जाडजूड सळई फक्त चकमध्ये धरायची, टेलस्टॉक नाही. दोन टोकांना दोन कडी राहतील असा मधला भाग उतरवायचा. मग धारदार टूलने, अगदी हलक्या कटात, दोन्ही कड्यांवरून सेटिंग न हलवता जायचं. दोन व्यास सारखे आले तर ठीक. नसतील तर टेलस्टॉककडच्या पायाचा स्क्रू थोडा फिरवून पुन्हा कट घ्यायचा. ही तपासणी टेलस्टॉक जुळवण्याच्या आधीच करायला हवी. उलट क्रमाने केली तर एक चूक दुसरीने झाकली जाते आणि वेगळ्या लांबीच्या जॉबवर दोन्ही उघड्या पडतात.

हेडस्टॉकच्या मागे

शेवटचा टेकू सगळ्यांच्या नजरेआड असतो, आणि त्याचा संबंध थेट जिवाशी आहे. लांब बार स्पिंडलच्या (चक फिरवणाऱ्या पोकळ दांड्याच्या) भोकातून मागे काढला जातो आणि लक्ष पुढच्या कटाकडे राहतं. २० मिमीचा पोलादी बार मागे एक मीटर मोकळा असेल तर स्वतःच्या वजनानेच त्याचं टोक सुमारे २ मिमी खाली लोंबतं. मिनिटाला ८५० फेऱ्यांच्या आसपास फिरण्याचा वेग आणि बारची नैसर्गिक कंपनसंख्या एक होते. त्याच्या बऱ्याच आधीपासून तो हेलकावायला लागतो, आणि मग क्षणात काटकोनात वाकतो. वाकलेला बार पूर्ण वेगाने फिरत राहतो, त्याच्या टप्प्यात जे काही येईल त्यावर आदळतो. बार निम्मा, म्हणजे अर्धा मीटर ठेवला तर हा वेग चौपट वर जातो, सुमारे ३४०० फेऱ्यांपर्यंत. म्हणून बार आधी कापून आखूड करावा. ते शक्य नसेल तर मागे जमिनीला घट्ट बसवलेली आधाराची नळी लावावी, बारच्या व्यासाला जुळणारी. स्पिंडलच्या मागच्या तोंडाशी बार मधोमध राहील असं बूच बसवावं. आणि मशीन सुरू करण्याआधी एकदा हेडस्टॉकच्या मागे जाऊन किती बार बाहेर आहे ते डोळ्यांनी पाहावं, तिकडून कुणी जात-येत नाही ना हेही.